लहान नियम, लहान अन्याय : शिपायांच्या आठवणींतील इतिहास

पलटणींचे इतिहास बहुधा सेनापतीच्या नावाने आरंभ होतात आणि विजयस्तंभापाशी संपतात. कोणत्या वर्षी कोणती टेकडी सर झाली, किती पदके मिळाली, कोणत्या लाटसाहेबाने कवायतीची पाहणी करून कोणते गौरवोद्गार काढले, हे सर्व त्यांत तपशिलाने नोंदलेले असते. परंतु ती टेकडी चढून गेलेल्या शिपायाच्या पगारातून हरवलेल्या कांबळ्याचे पैसे किती हप्त्यांत कापले गेले, त्याला रजा कोणत्या कारणाने नाकारली गेली, अथवा बुटाला पुरेशी चकाकी नाही म्हणून त्याने किती तास पाठीवर ओझे घेऊन मैदानाला फेऱ्या घातल्या, याची वार्ता त्या ग्रंथांत मिळत नाही. ती मिळते शिपायांच्या बोलण्यात. आणि बोलणारी पिढी सरली म्हणजे ती वार्ताही तिच्याबरोबर सरते.

देहूरोडला ही वार्ता ऐकण्यास मुद्दाम कोठे जावे लागत नाही. तुकोबांच्या देहूस जाणारी वाट जेथून फुटते ते हे रेल्वेस्थानक. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात येथे लष्करी सामानाची व दारूगोळ्याची मोठी कोठारे उभी राहिली आणि त्यांच्याभोवती छावणी वसली. नोकरीच्या निमित्ताने येथे आलेली कित्येक कुटुंबे निवृत्तीनंतर देहूरोड, निगडी, किवळे, तळेगाव या टापूतच स्थिरावली. आपल्या संस्थेच्या सभासदांतही अशी घरे थोडी नाहीत. निवृत्त जवान चार एकत्र बसले म्हणजे गोष्ट लढाईची क्वचितच निघते. निघते ती गिनतीला दोन मिनिटे उशिरा पोहोचल्याची, बिछान्यावर मांडलेल्या सामानाची रेघ चुकल्याची, पिठ्ठू परेडची, आणि कसलेही कारण न सांगता रद्द झालेल्या रजेची.

या बैठकींतील एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. जो रगडा साऱ्या तुकडीला मिळाला, त्याची हकीकत हे लोक हसत हसत सांगतात. तीत अभिमानही असतो. परंतु जो एकट्यालाच मिळाला, अथवा जो एकाला मिळाला आणि दुसऱ्याला त्याच चुकीबद्दल मिळाला नाही, त्याची हकीकत सांगताना आवाज उतरतो. शिपायाला कष्टांचा राग नसतो, विषमतेचा असतो. दोन शतकांचा इतिहास या एका कसोटीवर लावून पाहिला असता काय आढळते, ते प्रस्तुत लेखात मांडण्याचा विचार आहे.

पगार आणि भत्ता

कंपनी सरकारच्या आणि नंतर राणीच्या राज्यात हिंदी पायदळाच्या शिपायाचा पगार दरमहा ७ रुपये असे. एकोणिसाव्या शतकाचा बहुतेक काळ हा आकडा हलला नाही. धान्य महाग झाले, लुगडी-धोतरे महाग झाली, पण ७ रुपये ते ७ रुपयेच. त्यांतूनच शिपायाने पोट भरावयाचे, गणवेशाचा काही भाग स्वतः विकत घ्यावयाचा, आणि उरेल ते घरी धाडावयाचे. १८९५ साली हा पगार ९ रुपये झाला आणि १९११ साली ११ रुपये. शांततेच्या काळातही शिपायाला शिधा मोफत मिळू लागला तो पहिल्या महायुद्धाच्या मध्यात, १९१७ साली.

पगाराहून अधिक असंतोष भत्त्याने माजविला. स्वतःच्या मुलखाबाहेर लढावयास गेलेल्या शिपायाला जादा भत्ता मिळत असे. १८४३ साली इंग्रजांनी सिंध प्रांत जिंकून कंपनीच्या राज्यास जोडला. आता सिंध हा परमुलूख राहिला नाही, तो सरकारचाच प्रांत झाला; सबब भत्ता बंद, असा हिशेब कचेरीने केला. ज्यांच्या रक्ताने प्रांत जिंकला गेला त्यांचेच उत्पन्न त्या विजयामुळे घटले. कागदावर हा तर्क निर्दोष होता. शिपायांना मात्र तो उमजला नाही, आणि उमजावा तरी कसा ? १८४४ साली बंगालच्या काही पलटणींनी सिंधला कूच करण्यास नकार दिला. त्यांपैकी ३४वी पलटण मोडून टाकण्यात आली. अखेरीस सिंधच्या बंदोबस्ताचा भार मुंबई लष्करावर, म्हणजे पुष्कळ अंशी आपल्या दख्खन-कोकणातील शिपायांवर आला.

शिक्षेच्या बाबतीतील एक उलटसुलट हकीकत येथेच सांगितलेली बरी. १८३५ साली गव्हर्नर जनरल लॉर्ड विल्यम बेंटिंक याने हिंदी शिपायांस फटके मारण्याची शिक्षा बंद केली. गोऱ्या शिपायांस मात्र ती चालूच राहिली. एकाच छावणीत, एकाच गुन्ह्याबद्दल, गोऱ्याच्या पाठीवर कोरडे आणि काळ्याची पाठ मोकळी, असा विलक्षण प्रकार काही वर्षे होता. १८४५ साली हिंदी शिपायांची ही सवलत काढून घेण्यात आली आणि फटक्यांची शिक्षा हिंदी लष्करातून कायमची गेली ती १९२० साली. विषमता दूर करण्याचे दोन मार्ग असतात : खालच्याला वर घेणे किंवा वरच्याला खाली ओढणे. कचेऱ्यांना दुसरा मार्ग नेहमीच सोपा वाटत आला आहे.

पागोटे, दाढी आणि मिशी

बेंटिंकला ही सुबुद्धी सुचण्यापूर्वी एक कडू अनुभव आला होता. १८०६ साली तो मद्रासचा गव्हर्नर असताना तेथील लष्करात नव्या घाटाचे पागोटे आले. त्यावर चामड्याचा तुरा होता आणि शिपायांच्या दृष्टीने ते टोपीच्या फारच जवळचे होते. त्याबरोबर कवायतीस येताना कपाळावर गंध-टिळा नसावा, हनुवटी तुळतुळीत असावी, असे नियमही निघाले. वेल्लोरच्या किल्ल्यात ज्यांनी हे पागोटे नाकारले त्यांना फटके बसले. १० जुलै १८०६ रोजी पहाटे तेथील शिपायांनी उठाव केला. सुमारे २०० गोरे सैनिक मारले गेले अथवा जखमी झाले, आणि उठाव मोडताना शेकडो शिपायांचे प्राण गेले. त्यानंतर पागोट्याचा हुकूम मागे घेण्यात आला. गव्हर्नर बेंटिंक आणि सरसेनापती क्रॅडॉक या दोघांनाही परत बोलावण्यात आले. टिपू सुलतानाच्या मुलांचे त्याच किल्ल्यात असणे इत्यादी इतरही कारणे या उठावामागे होती, हे खरे. पण ठिणगी पडली ती शिंप्याच्या दुकानात.

वेषाच्या नियमांचा जाच केवळ हिंदी शिपायांनाच होता असे मात्र नव्हे. ब्रिटिश सैन्यात वरच्या ओठावरील मिशी काढू नये असा लेखी नियम होता आणि तो १९१६ च्या ऑक्टोबरापर्यंत टिकला. फ्रान्सच्या खंदकांत माणसे रोज मरत असताना विलायतेतील अधिकारी कोणी मिशी भादरली आहे काय हे पाहत होते. तेव्हा आपल्या निवृत्त मंडळींपैकी कोणी केस एक बोटभर वाढल्याबद्दल झालेल्या शिक्षेची गोष्ट सांगितली, तर तिला जगभर भाऊबंद आहेत असे समजावे.

शिधा आणि इस्पितळ

पुण्याचे नाव धारण करणारी सहावी पूना डिव्हिजन पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात कूत-अल-अमारा येथे वेढ्यात सापडली. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ हा वेढ्याचा काळ. या फौजेत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. अन्न संपत आले तेव्हा घोडे मारून त्यांचे मांस वाटण्यात येऊ लागले. हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी ते नाकारले. हिंदुस्थानातील धर्माधिकाऱ्यांकडून बिनतारी संदेशाने संमती मागविण्यात आली, तरीही संकोच गेला नाही. घरी गेल्यावर गाव काय म्हणेल, ही धास्ती तोफगोळ्यांपेक्षा मोठी ठरली. शरणागतीनंतर अधिकारी व शिपाई यांना वेगळे करण्यात आले. सेनापती टाउनशेंड कॉन्स्टँटिनोपलजवळच्या बेटावर आरामात राहिला आणि शिपाई वाळवंटातून पायी हाकलले गेले. त्यांपैकी हजारो परतलेच नाहीत.

याच काळात विलायतेत ब्रायटन येथे जखमी हिंदी सैनिकांसाठी इस्पितळे उघडण्यात आली. तेथील राजवाड्याच्या इस्पितळात हिंदू आणि मुसलमान यांच्यासाठी पाण्याचे वेगळे नळ होते, आणि जातिधर्मांप्रमाणे नऊ स्वयंपाकघरे होती. ही काळजी खरीच होती. तिचा सरकारने गाजावाजाही पुष्कळ केला. परंतु त्याच गावातील किचनर इस्पितळात बऱ्या होत असलेल्या शिपायांना सोबतीवाचून आवाराबाहेर पाऊल टाकण्याची बंदी होती. भिंतीवर काटेरी तारा होत्या आणि पहारे होते. गोऱ्या स्त्रियांशी त्यांचा परिचय होऊ नये, हा त्यामागील हेतू. राजासाठी जखमी होण्यास योग्य, पण रस्त्यावर फिरण्यास अयोग्य, असा हा न्याय होता.

अन्नाचे गाऱ्हाणे किती दूर जाऊ शकते, हे मुंबईने १९४६ साली पाहिले. १८ फेब्रुवारी रोजी नौदलाच्या ‘तलवार’ या प्रशिक्षण केंद्रातील खलाशांनी निकृष्ट जेवण घेण्यास नकार दिला. त्यांच्या तक्रारी काय होत्या ? जेवण वाईट, पगार गोऱ्या खलाशांच्या मानाने कमी, सेवामुक्तीला विलंब, आणि त्यांच्या मुख्य अधिकाऱ्याच्या तोंडची शिवीगाळ. यांपैकी एकेक तक्रार क्षुल्लक म्हणून बाजूस सारता आली असती, आणि तशी ती सारली गेलीही होती. पाच दिवसांत हा संप ७८ जहाजे, २० किनारी केंद्रे आणि सुमारे २०,००० खलाशी यांच्यापर्यंत पसरला. मुंबईच्या रस्त्यांवर झालेल्या गोळीबारात दोनशेहून अधिक माणसे मेली. कामावरून काढलेल्या खलाशांना स्वातंत्र्यानंतर नौदलात परत घेण्यात आले नाही. ज्यांच्या ताटातील डाळीपासून एवढे महाभारत घडले, ते असे दोन्ही राज्यांना परके राहिले.

हुद्दा

शिपायाच्या मनात सर्वांत खोल रुतणारा सल हुद्द्याचा. पंचवीस वर्षे चाकरी करून सुभेदार-मेजर झालेला, छातीवर पदकांची रांग असलेला हिंदी अंमलदार हा विलायतेहून काल आलेल्या विशीतल्या गोऱ्या लेफ्टनंटाच्या हाताखालचा समजला जाई. १८५६ साली स्थापन झालेला व्हिक्टोरिया क्रॉस हिंदी सैनिकाला मिळण्याची मुभा १९११ साली झाली. त्यानंतर मराठा पलटणींतील यशवंत घाडगे यांना १९४४ साली इटलीतील पराक्रमाबद्दल मरणोत्तर, आणि नामदेव जाधव यांना १९४५ साली इटलीतीलच सेनिओ नदीवरील पराक्रमाबद्दल तो मिळाला. शौर्य पूर्वीही होतेच, मोजमाप वेगळे होते.

१९३२ साली डेहराडूनची लष्करी अकादमी सुरू झाली, तेव्हा तेथून निघणाऱ्या हिंदी अधिकाऱ्यांचा पगार गोऱ्यांहून कमी ठेवण्यात आला, आणि गोऱ्या शिपायांवर त्यांचा अधिकार चालणार नाही अशी तजवीज झाली. हा अपमान अधिकाऱ्यांचा होता. पण तो जवानांनी पाहिला, आणि पाहिलेले ते विसरले नाहीत.

भरतीचा दरवाजा

आतापर्यंत सांगितलेले अन्याय हे लष्कराच्या आत असलेल्यांचे. परंतु ज्यांना आतच येऊ दिले नाही त्यांचे काय ? मुंबई लष्करात महार शिपाई प्रारंभापासून होते. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईतील स्तंभावर कोरलेली ‘नाक’ प्रत्ययाची नावे त्याची साक्ष देतात. असे असूनही १८९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत, ‘लढवय्या जाती’ नावाच्या एका सिद्धांताचा आधार घेऊन, त्यांची भरती बंद करण्यात आली. रणांगणावर काही उणे पडले म्हणून हे झाले नाही; कचेरीत मत बदलले म्हणून झाले. एका हुकुमाने शेकडो घरांचा पगार, पेन्शन आणि मुलांची शाळा बंद झाली. पलटणीतील मुलांमुलींना शिक्षण सक्तीचे असे, ही गोष्ट येथे ध्यानात घ्यावी. सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेत शिक्षक होते, आणि त्यांचे पुत्र भीमराव यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीत झाला.

या हुकुमाविरुद्ध पहिला अर्ज निवृत्त शिपाई गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ साली सिद्ध केला. पुढे पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी चिकाटी सोडली नाही. १९१० साली त्यांनी थेट विलायतेतील भारतमंत्र्यांकडे विनंतीअर्ज धाडला. महायुद्धात माणसे कमी पडू लागताच १९१७ साली १११वी महार पलटण उभी राहिली, आणि गरज सरताच १९२१ साली मोडली गेली. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची स्थापना झाली, ती मात्र टिकली. पहिल्या अर्जापासून या दिवसापर्यंत सत्तेचाळीस वर्षे गेली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी याच देहूरोड येथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. छावणीत जन्मलेल्या सुभेदारपुत्राचे कोठारांच्या या गावी झालेले ते आगमन येथील जुन्या रहिवाशांच्या घरोघरी सांगितले जाते.

या प्रकरणास ‘लहान’ अन्याय म्हणणे अर्थातच योग्य नव्हे. परंतु हुकूम काढणाऱ्या कचेरीच्या दृष्टीने तो एक साधा भरतीनियमच होता. नियम लहान की मोठा हे काढणारा ठरवीत नसतो, सोसणारा ठरवीत असतो.

लाल शाई

स्वातंत्र्यानंतर गोरा-काळा हा भेद गेला. १९५० चा लष्कर कायदा आला आणि त्याच्या २६व्या कलमाने जवानाला वरिष्ठांविरुद्ध गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क दिला. पण त्याच कायद्याचे ६३वे कलम ‘शिस्तीस बाधक वर्तन’ एवढ्या रुंद शब्दांत लिहिलेले आहे. त्यात न बसणारी चूक शोधूनही सापडणार नाही. ८०व्या कलमान्वये जवानाला २८ दिवसांपर्यंत कोठडी किंवा लाइनीत अडकवून ठेवणे, जादा पहारे, ताकीद, पगारातून दंड अशा शिक्षा कोर्टमार्शलवाचून देता येतात. सेवेत असता वर्तमानपत्राकडे जाण्याची मुभा नसते. म्हणून या गोष्टी निवृत्तीनंतरच बाहेर पडतात, आणि तोवर पुष्कळ वेळ गेलेला असतो.

शिक्षा भोगून संपते. नोंद मात्र संपत नाही. काही शिक्षांची नोंद जवानाच्या कागदांत लाल शाईने होते. अशा चार नोंदी झाल्या की ‘अनिष्ट’ म्हणून सेवेतून कमी करण्याचा विचार होऊ शकतो. जवानास पेन्शन मिळण्यासाठी १५ वर्षे सेवा लागते. बाराव्या-तेराव्या वर्षी चौथी नोंद पडली, तर रजेवरून उशिरा परतण्यासारख्या चुकांनी जन्माची भाकरी जाते. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात निकाल दिला की केवळ चार नोंदी मोजून जवानास काढता येणार नाही. चुकांचे स्वरूप, झालेली सेवा, खडतर ठिकाणी काढलेली वर्षे, पेन्शनचे सान्निध्य, या सर्वांचा विचार झाला पाहिजे. लष्करी न्यायाधिकरणाचा कायदा २००७ साली झाला आणि २००९ पासून ते काम करू लागले. त्यामुळे जवानाला दाद मागण्यास जवळचे दार मिळाले.

पेन्शनचीही हीच कथा. हुद्दा तोच, सेवा तेवढीच, पण एक आधी निवृत्त झाला आणि दुसरा नंतर, एवढ्यावरून दोघांच्या पेन्शनीत तफावत पडे. याविरुद्ध २०१५ च्या जूनपासून निवृत्त सैनिक दिल्लीस जंतरमंतरवर बसले, आणि त्या वर्षीच्या ७ नोव्हेंबरला ‘समान हुद्दा, समान पेन्शन’ हा आदेश १ जुलै २०१४ पासून लागू म्हणून निघाला. ही मागणी पैशांची होती खरी, पण तिच्या मुळाशी वर सांगितलेली कसोटीच होती : त्याच चाकरीला तोच मोबदला.

दोन हजार यार्ड

अखेरचा दाखला आपल्या दारातला. १९०३ च्या एका कायद्यान्वये संरक्षण ठाण्यांभोवती दोन हजार यार्डांपर्यंत, म्हणजे सुमारे १,८२९ मीटर, बांधकामावर बंदी घालता येते. देहूरोडच्या दारूगोळा कोठाराभोवती असा पट्टा आहे. लोक त्यास ‘रेड झोन’ म्हणतात. निगडी, रुपीनगर, तळवडे, किवळे या भागांतील घरे त्यात सापडली. आयुष्यभर कोठारांवर पहारा केलेल्या माणसाने निवृत्तीच्या पैशांतून घेतलेल्या जागेवर खोली वाढविता येऊ नये, हे त्याला टोचणारच.

तथापि न्यायबुद्धीने बोलावयाचे तर हा नियम निरर्थक नाही. ३१ मे २०१६ रोजी वर्धा जिल्ह्यातील पुलगावच्या दारूगोळा कोठारास आग लागून अधिकारी, जवान आणि अग्निशामक दलाचे कर्मचारी मृत्युमुखी पडले. अंतर राखण्याचा अर्थ काय, हे तेथे दिसले. पागोट्याचा नियम आणि दोन हजार यार्डांचा नियम यांत हा भेद आहे : पहिल्यास कारण नव्हते; दुसऱ्यास आहे, पण घर बांधून झाल्यावर ते सांगण्यात आले तर कारणही शिक्षेसारखे वाटते.

सभासद कुटुंबांस विनंती

वरील सर्व हकीकतींतून एक गोष्ट निष्पन्न होते. ज्या गाऱ्हाण्याचा अर्ज झाला, त्याचा निकाल उशिरा का होईना, लागला. ज्याचा अर्ज झाला नाही ते ओसरीवरच विरून गेले. वलंगकरांचा अर्ज नसता तर भरतीबंदी ही इतिहासजमा गोष्ट म्हणून कोणी विसरून गेले असते.

म्हणून आपल्या घरी कोणी आजोबा, काका, मामा लष्करात अथवा कोठारात चाकरी केलेले असतील, तर त्यांच्याजवळ वही घेऊन बसावे. पलटण कोणती, वर्ष कोणते, नियम काय होता, तो कोणास लागला आणि कोणास लागला नाही, तक्रार केली काय आणि उत्तर काय मिळाले, एवढे पाच प्रश्न विचारावेत. त्यांचे सेवापुस्तक आणि पेन्शनचे कागद एकदा काढून पाहावेत. आजींचे नाव, जन्मतारीख, अक्षरांचे लेखन सर्वत्र सारखे आहे की नाही हे ताडून घ्यावे. एका वेलांटीच्या फरकाने विधवेचे पेन्शन अडून राहते आणि तेव्हा खुलासा करणारा माणूस हयात नसतो. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देताना म्हातारी माणसे ‘मी जिवंत आहे, हे मलाच सांगावे लागते’ म्हणून थट्टा करतात. त्या थट्टेमागील आयुष्य ते हयात असतानाच लिहून घेणे, हे मात्र आपले काम आहे.